मुठेल, टॅटू आणि ढोलाचा सराव : एका पुरळाची चौकशी

रात्री साडेनऊला ती दारात उभी राहिली तेव्हा तिच्या कपड्यांवर नदीपात्रातली धूळ होती, सराव संपवून थेट आलेली. डावी बाही कोपरापर्यंत गुंडाळलेली. नमस्कार-चमत्कार न करता तिने पिशवीतून एक डबी काढून टेबलावर ठेवली. ती माझीच डबी. आरोप कुणावर आहे ते त्यातच कळलं.

"काकू, तुमच्या बामने झालंय हे."

वय चोवीस, नोकरी हिंजवडीत, संध्याकाळी ढोल-ताशा पथकात ढोल. नऊ दिवसांपूर्वी डाव्या हाताच्या आतल्या बाजूवर टॅटू काढलेला: आजीच्या हातावर होतं तसं गोंदण, ठिपक्यांची रांग आणि मध्ये तुळशीवृंदावन, फक्त आकाराने मोठं. पूर्ण काळ्या शाईत, दुसरा रंग नाही. हे शेवटचं वाक्य पुढे उपयोगी पडणार आहे. तिची ओळख पटेल असे तपशील मी काढले आहेत आणि तिने वाचून होकार दिल्यावरच हे लिहितेय.

माझ्याबद्दल एवढंच की मी रसायनशास्त्राची पदवीधर. कोथरूडच्या घरात बारा वर्षं कोकम, शिया, आंबा यांची बटरं, म्हणजे बियांतली घट्ट चरबी, घेऊन मलमं, लिप बाम, टाचांचे बाम बनवते. त्या उन्हाळ्यात ओळखीच्या एका टॅटू आर्टिस्ट दादाने विचारलं, "ताई, टॅटूनंतर लावायला काहीतरी देशी बनवा की." मी बनवलं आणि वीस डब्या दिल्या. ही मुलगी त्या वीसांपैकी एक.

हातावर काय दिसत होतं

दिव्याखाली हात धरल्यावर पहिल्या दोन मिनिटांतच जाणवलं की हे एक पुरळ नाही, दोन आहेत. ते एकमेकांवर बसले होते म्हणून एक वाटत होते.

पहिलं म्हणजे बारीक पुटकुळ्या. सगळ्या एकाच मापाच्या, मोहरीएवढ्या, काहींच्या टोकाला पांढरं. बहुतेक केसाच्या मुळाशी. टॅटूवर होत्या, टॅटूच्या बाहेर बोटभर अंतरावरही होत्या, आणि मग एका सरळ रेषेत संपत होत्या. त्वचेवरचा आजार सहसा सरळ रेषेत संपत नाही. सरळ रेष माणसाने आखलेली असते.

दुसरं म्हणजे लाल, सुजलेला, थोडा ओलसर पट्टा. त्याला भयंकर खाज होती. हा टॅटूच्या एका बाजूला जास्त होता आणि मनगटाकडे फराटे मारल्यासारखा पसरला होता, बोटाने काहीतरी पुसत नेल्यासारखा.

ताप नव्हता, बगलेत गाठ नव्हती, लाली वर चढत नव्हती. यातलं एक जरी असतं तरी रात्रीच दवाखाना गाठला असता. नसल्यामुळे मी तिला चहा दिला आणि दिवसवार विचारायला बसले.

टॅटू रविवारी झाला. आर्टिस्टने फिल्म लावून दिली, ती दुसऱ्या दिवशी काढली, कोमट पाण्याने धुतलं. इथपर्यंत सगळं बरोबर. मंगळवारी, म्हणजे लस अजून वाहत असतानाच, तिने बाम सुरू केला. बुधवारपासून पथकाचा सराव. ढोल कमरेला बांधला की डाव्या हाताने थाप मारताना हाताची आतली बाजू कडेला घासते, वर धूळ. म्हणून ती काय करायची, तर बामचा जाड थर आणि त्यावर स्वयंपाकघरातलं चिकट प्लॅस्टिक गुंडाळून, वर पूर्ण बाहीचा टीशर्ट. तीन तास वाजवायचं. जुलैतलं पुणं, बाहेर भुरभुर पाऊस, आत घाम. हे बुधवार, गुरुवार, शुक्रवार.

सरळ रेषेचं कोडं सुटलं. पुटकुळ्या जिथे संपत होत्या तिथे प्लॅस्टिक संपत होतं.

"आणि शनिवारी?"

शनिवारी पुटकुळ्या दिसल्या. आईने घाबरून घरातली ट्यूब काढली, लहानपणी गुडघा फुटल्यावर लावायची ती, अँटिबायोटिक मलमाची. दिवसातून तीनदा. सोमवारी रात्री लाल पट्टा आला आणि मंगळवारी ती माझ्या दारात.

ट्यूबवर काय लिहिलंय ते तिने आईला फोन करून वाचायला लावलं. निओमायसिन, ॲलर्जी आणण्यासाठी बदनाम असलेलं अँटिबायोटिक. मी माझ्या डबीकडे बघितलं आणि मला, खोटं कशाला बोलू, थोडं हलकं वाटलं. ते हलकं वाटणं अर्धंच खरं निघालं.

डबी

ती डबी ठेवून गेली हे बरं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडली तर वरच्या पृष्ठभागावर चमच्याने खरवडल्याच्या खुणा होत्या. बोट दाबलं तर दबेना. खोलीत २५ अंश होतं. बाम दगड झाला होता.

इथे कोकम बटरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या प्रकरणाचं मूळ तिथे आहे. कोकणात हे काही नवीन नाही. रातांबे फोडले की साल आमसुलाला जाते आणि बिया उरतात. त्या वाळवून, कुटून, पाण्यात उकळून वर येणारी चरबी काढतात, ती गार होताना मुठीत दाबून गोळे करतात, म्हणून मुठेल. भिरंडेल, कोकमतेल ही त्याचीच नावं. पायाच्या भेगांत आणि फुटलेल्या ओठांवर ते पिढ्यान्‌पिढ्या लावलं जातंय. पण टाचेची भेग आणि सुईने हजारो ठिकाणी टोचलेली कातडी यात फरक आहे. घरगुती मुठेलात पाण्याचा अंश आणि बियांचा चुरा राहू शकतो, त्यामुळे उघड्या जखमेजवळ मी ते नेत नाही. बामसाठी शुद्ध केलेलं, वास काढलेलं बटरच घेते.

त्याची रचना फार शिस्तीची आहे. बहुतेक रेणूंत दोन बाजूंना स्टिअरिक आम्ल आणि मध्ये ओलिक. एकसारखे रेणू एकमेकांवर नीट बसतात, म्हणून ते कडक असतं, खवट व्हायला वेळ घेतं, आणि वितळतं साधारण ३८ ते ४२ अंशांच्या दरम्यान. कोको बटर त्याच्या आधी, ३४-३५च्या आसपास, म्हणून चॉकलेट तोंडात विरघळतं. शिया त्याहून मऊ. खोबरेल २४ला.

आणि हाताच्या कातडीचं तापमान? ३२ ते ३४. म्हणजे कोकम बटर हातावर आपलं आपण वितळत नाही, चोळावं लागतं. टाचेवर चोळा हवं तितकं. ताज्या टॅटूवर चोळणं ही एकमेव गोष्ट करायची नसते.

मग मी तसं बनवलंच कसं? कारण मी ते मेमध्ये बनवलं. त्या आठवड्यात घरात ३७ अंश होतं. कोकम ५० टक्के, शिया २५, खोबरेल २०, मधमाशीचं मेण ४, आणि एक टक्का लॅव्हेंडर व टी ट्री तेल. मेच्या दुपारी हे मिश्रण लोण्यासारखं होतं. बोट टेकवलं की येत होतं, मी खूश. तेव्हा हातात आलेलं लोणी जुलैत दगड होईल हे डोक्यात यायला हवं होतं. माझ्या आईला तुपाबाबत कळायचं ते मला पदवी घेऊन कळलं नाही.

त्या मुलीने जे केलं ते कुणीही केलं असतं. चमच्याने ढलपी काढायची, बोटांत चुरडायची, हातावर दाबून पसरवायची. ढलपी म्हणजे गरजेच्या पाच-सहापट माल. नीट पसरत नाही म्हणून थर जाड. दोनदा तर तिने डबी गॅसजवळ ठेवून वितळवली आणि नंतर ओट्यावरच गार होऊ दिली. त्यामुळे खालच्या अर्ध्या भागात शियाचे कण झाले होते, हळू गार झालेल्या तुपात रवा धरतो तसे. तुपात रवा आला की आपण कौतुक करतो. खपली धरत असलेल्या कातडीवर तो वाळूसारखा लागतो. ते नासलेलं नव्हतं. पुन्हा पूर्ण वितळवून भरभर गार केलं असतं तर गुळगुळीत झालं असतं. पण हे मी डबीवर लिहिलं नव्हतं.

डबीवर मी काय लिहिलं होतं तेही सांगते. "दिवसातून ३-४ वेळा भरपूर लावा." भरपूर! टॅटूसाठी बनवताना टाचेच्या बामचं लेबल बदलायचं राहून गेलं असं म्हणू शकले असते, पण ते मी जाणूनबुजून लिहिलं होतं. भरपूर लावलं की ग्राहकाला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि डबी लवकर संपते.

डॉक्टर मॅडम

बुधवारी मीच तिच्याबरोबर त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी हात बघितला, माझ्याकडून डबीतली घटकांची यादी घेतली, आणि ट्यूबचा फोटो. पुटकुळ्यांतला स्वॅब पाठवला, त्यात पुढे जंतू वाढले नाहीत. म्हणजे पुटकुळ्या जंतुसंसर्गाच्या नव्हत्या. तेलकट थर, वर प्लॅस्टिक, आत घाम, यामुळे घामाची आणि केसांची तोंडं बंद झाली होती. घामोळ्याचीच थोरली बहीण.

लाल पट्ट्याबाबत त्यांना दोन शक्यता दिसत होत्या: माझ्या बाममधली सुगंधी तेलं किंवा ट्यूब. शाईचा विचार त्यांनी एका वाक्यात संपवला. शाईची ॲलर्जी बहुधा लाल रंगाला येते आणि त्या रंगाच्या हद्दीतच राहते. इथे लाल रंग नव्हताच, आणि पुरळ हद्द सोडून गेलं होतं.

मग वेळेचा हिशोब. स्पर्शातून येणारी ॲलर्जी अशी चालते: शरीराला एखादा पदार्थ पहिल्यांदा खटकायला दहा-चौदा दिवस तरी लागतात. एकदा खटकला की पुढच्या वेळी मात्र एक ते तीन दिवसांत पुरळ येतं. माझा बाम लावायला लागून सातवा दिवस होता. तिने पूर्वी तो कधीच लावला नव्हता, त्यामुळे नवीन ॲलर्जीला दिवस कमी पडत होते. पण ती टी ट्रीचा फेसवॉश वापरायची, तेव्हा मी सुटले असं म्हणता येत नव्हतं. ट्यूब मात्र लहानपणापासूनची, आणि शनिवारी लावल्यापासून दोन दिवसांत पट्टा. फराटे ज्या दिशेने होते त्या दिशेने आईने बोट फिरवलं होतं.

"अंदाज आहे. सिद्ध नाही," मॅडम म्हणाल्या. तोपर्यंत सगळं बंद. ना बाम, ना ट्यूब, ना हळद. हळदीचं नाव त्यांनी आधीच घेतलं, कारण प्रत्येक आई तिथेच जाते म्हणे. गार सलाइनच्या घड्या, मोजून पाच दिवस सौम्य स्टिरॉइड फक्त लाल भागावर, रात्री खाजेची गोळी. कोरडं वाटलं तर साधी पेट्रोलियम जेली, इतकी पातळ की चमक दिसावी, थर दिसू नये. आणि पंधरा दिवस ढोल बंद. हे ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पुरळाने आलं नव्हतं.

पेट्रोलियम जेलीचं नाव ऐकून मला थोडं लागलं, हे कबूल. आमच्या बटरवाल्यांच्या जगात ती जवळजवळ शिवी आहे. पण कातडीतून उडून जाणारं पाणी ती ९८ टक्क्यांपर्यंत अडवते, कुठलंही वनस्पती तेल त्याच्या जवळपास जात नाही. तिला वास नाही, आणि तिची ॲलर्जी जवळपास कुणाला येत नाही. पॅच टेस्ट म्हणजे ॲलर्जी कशाची ते शोधायची चाचणी, तिच्यातले बहुतेक पदार्थसुद्धा त्याच जेलीत कालवून पाठीवर लावतात. बटरचं बलस्थान वेगळं आहे: ते पूर्ण कोंडत नाही, हाताला बरं वाटतं, खपल्या गळून गेल्यावरच्या कोरड्या कातडीला मऊ ठेवतं. म्हणजे त्याची वेळ पुढची. लस वाहते ते दोन-तीन दिवस बटरचे नाहीत. खपली नरम पडून सुटली तर तिच्याबरोबर शाईही जाते. शाई बसते खालच्या थरात, दीड-दोन मिलिमीटरवर, पण तिथपर्यंतचं दार अजून उघडं असतं.

पॅच टेस्ट लगेच करता आली नाही. पाठीवर ४८ तास पट्ट्या चिकटवून ठेवायच्या, घाम नको, पाणी नको. गणपती तोंडावर असताना पथकातल्या मुलीला हे सांगणं व्यर्थ. विसर्जनानंतर सहा आठवड्यांनी झाली. यादीत टी ट्री, लॅव्हेंडर, सुगंधी द्रव्यांचं मिश्रण, मेण, निओमायसिन. शिवाय माझा बाम जसाच्या तसा आणि त्यातलं कोकम बटर वेगळं.

४८ तासांनी पट्ट्या काढल्या: काही नाही. ९६ तासांनी: निओमायसिनच्या जागी जेमतेम गुलाबी, मॅडमनी प्रश्नचिन्ह टाकलं. मला वाटलं संपलं. त्यांनी सातव्या दिवशी पुन्हा बोलावलं, कारण निओमायसिन उशिरा बोलतं. सातव्या दिवशी तिथे लाल, उंचावलेला, बारीक पाणीदार फोडांचा गोल होता. बाकी सगळं स्वच्छ. कोकमही, टी ट्रीही.

निकाल कुणाचा

कागदावर माझा बाम सुटला. आर्टिस्ट दादाने तर मला पेढे देऊ केले. पण दोन पुरळांपैकी पहिलं माझंच होतं. पुटकुळ्या आल्या नसत्या तर आईने ट्यूब काढली नसती. प्लॅस्टिक तिने गुंडाळलं, पण त्याखालचा जाड थर माझ्या कडक डबीने आणि माझ्या "भरपूर"ने घडवला.

आता पावसाळी आणि उन्हाळी असे दोन बाम आहेत. पावसाळीत कोकम २०, शिया १५, सूर्यफूल तेल ५७, मेण साडेसात, व्हिटॅमिन ई अर्धा टक्का. २४ अंशांना बोट टेकवलं की यायला हवं, ही परीक्षा मी फ्रिजबाहेरच्या थंड पाण्यात डबी ठेवून घेते. उन्हाळीत कोकम आणि मेण वाढतं, नाहीतर स्कूटरच्या डिकीत त्याचं तेल होतं. सूर्यफूल तेल लवकर खवट होतं म्हणून डब्या १५ ग्रॅमच्याच. पाणी घातलेलं नाही म्हणून संरक्षक द्रव्य लागत नाही, पण ओलं बोट डबीत गेलं की हा हिशोब मोडतो. म्हणून बरोबर लाकडी काडी देते. काडी परत डबीत बुडवायची नाही हे सांगावं लागतं.

सुगंधी तेलं काढून टाकली, जरी टेस्टमध्ये ती निर्दोष ठरली. लॅव्हेंडरमधलं लिनालूल हवेशी संयोग होऊन जुनं होतं तेव्हा ते ॲलर्जी आणणारं बनतं, आणि डबी घरात किती महिने उघडी राहील हे माझ्या हातात नाही. वासासाठी हा धोका कशाला? तक्रारी आल्या. "ताई, वासच नाही, मग त्यात काय आहे?" आमच्याकडे औषधाला वास लागतो आणि कडवटपणा लागतो, त्याशिवाय गुण येत नाही.

लेबल: टॅटूला लस येत असेपर्यंत लावू नका. खपल्या सुटायला लागल्यावर, हात धुऊन, तळहाताएवढ्या टॅटूला गव्हाच्या दोन दाण्यांएवढं. चोळू नका, टेकवा. वर काही गुंडाळू नका. आधी सात दिवस दुसऱ्या हाताच्या आतल्या बाजूला रोज दोनदा लावून बघा. जुन्या लेबलवर "टॅटू लवकर भरतो" असंही होतं, ते खोडलं. जखम भरण्याचा दावा केला की ते सौंदर्यप्रसाधन राहत नाही, १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने औषध होतं. विकण्यासाठी बनवायचा तर साध्या बामलाही २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार परवाना लागतो. मी आता परवाना असलेल्या कारखान्यातच बनवून घेते. घरच्या कढईत बनवलेल्या त्या वीस डब्यांपैकी चौदा परत मागवून घेतल्या, उरलेल्यांतल्या तीन रिकाम्या झाल्या होत्या, दोन हरवल्या. एक तिची.

आर्टिस्ट दादाशी एक वाद अजून मिटलेला नाही. त्याचं म्हणणं, गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी हातात काहीतरी द्यावं लागतं, नाहीतर ते घरी जाऊन खोबरेल, कोरफड, हळद, काय मिळेल ते लावतं. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. म्हणून तो आता पहिल्या दिवशी साबण आणि जेलीची छोटी डबी देतो, बाम पाचव्या-सहाव्या दिवशी येऊन न्यायला सांगतो. निम्मे येत नाहीत.

तिच्या टॅटूत तुळशीवृंदावनाच्या डाव्या कडेला चार ठिपके फिके पडले होते, खपली तिथे आधी सुटली. दिवाळीनंतर दादाने ते फुकट भरून दिले. या वेळी बाम सहाव्या दिवशी, काडीने. निओमायसिनचं नाव तिने मोबाइलच्या वॉलपेपरवर लावून ठेवलंय, कुठल्याही दवाखान्यात दाखवता यावं म्हणून.

तिची आई डिसेंबरमध्ये आली होती. ट्यूबबद्दल ती काही बोलली नाही, मीही नाही. तिने साडी जरा वर घेऊन टाचा दाखवल्या. मी कपाटातून मुठेलाचा एक गोळा काढून दिला, वेंगुर्ल्याहून आलेला, धुरकट वासाचा.

"चोळून लावू ना?"

"हो. हे चोळूनच."